ब्रँडीवाइनच्या काठाने: जुनी गिरणी, वायेथ घराणे आणि रानफुलांची बाग

शुक्रवार

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात ब्रँडीवाइन नावाची एक लहानशी नदी आहे. चेस्टर परगण्यातील शेतांमधून तिचे दोन फाटे निघतात, पुढे एक होतात आणि चॅड्स फोर्ड या गावावरून डेलावेर राज्यात उतरून विल्मिंग्टन शहरात क्रिस्टिना नदीला मिळतात. न्यू जर्सीत राहणारी मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या पाहुण्यांना फिलाडेल्फियातील स्वातंत्र्याची घंटा दाखवतात, फार तर लाँगवुडची प्रसिद्ध उद्याने दाखवतात आणि परत फिरतात. या नदीच्या काठावर ब्रँडीवाइन कला संग्रहालय हे प्रादेशिक चित्रकलेचे एक उत्तम संग्रहालय आहे आणि त्याच्या भोवती केवळ स्थानिक रानफुलांची बाग आहे, याचा पत्ता फारसा कोणाला नसतो. माझी मावशी पुण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी तिने कित्येक वर्षे मुलांकडून वस्तुचित्रे गिरवून घेतली आहेत. चॅड्स फोर्डच्या अँड्र्यू वायेथ या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रांची छापील रूपे तिने पूर्वी पाहिली होती आणि मूळ चित्रे पाहायची तिची इच्छा होती, म्हणून सप्टेंबरअखेरीस हा बेत ठरला.

नदी खालून वर, म्हणजे विल्मिंग्टनकडून चॅड्स फोर्डकडे पाहत जावी, असे मी सुचवले. त्यामुळे पहिला मुक्काम हॅगलीला पडला. एल्यूथेर इरेने ड्यू पॉन्ट या फ्रेंच स्थलांतरिताने 1802 मध्ये येथे बंदुकीच्या दारूचा कारखाना सुरू केला. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याच्या हाताखाली त्याने ही विद्या शिकलेली होती. नदीचा उतार चक्क्या फिरवायला पुरेसा होता, आणि कोळशासाठी लागणारी विलोची झाडे काठावर चांगली वाढत होती. दारूतील सोरा मात्र दूरवरून येई, आणि एकोणिसाव्या शतकात त्यातील मोठा भाग बंगाल-बिहारच्या मातीतून काढलेला असे. दारू कुटण्याच्या इमारतींची रचना पाहण्यासारखी आहे: तीन बाजूंना अतिशय जाड दगडी भिंती आणि नदीच्या बाजूला हलके लाकूड, जेणेकरून स्फोट झालाच तर त्याचा जोर पाण्याकडे निघून जावा आणि शेजारची इमारत वाचावी. आत काम करणाऱ्या माणसासाठी या योजनेत काहीच तरतूद नव्हती, हे मावशीच्या लगेच ध्यानात आले. कारखाना 1921 मध्ये बंद झाला. त्यानंतर त्याच्या पडक्या भागावर ड्यू पॉन्ट घराण्यातील एका मुलीने व तिच्या नवऱ्याने इटालियन धाटणीचे, मुद्दाम भग्न दिसणारे एक उद्यान उभारले. खांब, हौद, पुतळे यांची ही मांडणी मला फारशी भावली नाही. खऱ्या अवशेषांच्या अंगावर खोटे अवशेष चढवण्याचे प्रयोजन समजत नाही.

दुपारी विल्मिंग्टनमधील डेलावेर कला संग्रहालयात हॉवर्ड पाइलची चित्रे पाहिली. उद्याच्या संग्रहालयाची मुळे पाइलपर्यंत जातात, म्हणून ही भेट आवश्यक होती. पाइल (1853–1911) हा मासिकांचा आणि पुस्तकांचा चित्रकार. डोक्याला फडके, कमरेला रुंद पट्टा, कानात बाळी असा जो समुद्री चाचा आज जगभर ओळखला जातो, त्याचा पोशाख बव्हंशी पाइलने ठरवलेला आहे. तो 1898 पासून काही उन्हाळे आपले शिष्य घेऊन चॅड्स फोर्डच्या एका जुन्या गिरणीत शिकवायला जात असे. फ्लॉरेन्समध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर त्याची चित्रे जपण्यासाठी विल्मिंग्टनच्या नागरिकांनी 1912 मध्ये जी संस्था काढली, तिचेच पुढे हे संग्रहालय झाले.

शनिवार

विल्मिंग्टनहून चॅड्स फोर्ड गाडीने अर्ध्या तासाच्या आत येते. सार्वजनिक महामार्ग क्रमांक 1 गावातून जातो आणि त्यावरची वाहतूक कधी थांबत नाही, त्यामुळे पहिली भावना किंचित निराशेची होते. मात्र वाहनतळापासूनच बाग सुरू होते, आणि महामार्गाचा आवाज झाडांच्या मागे पडतो.

संग्रहालय ज्या इमारतीत आहे ती 1864 मध्ये बांधलेली पिठाची गिरणी आहे. 1960 च्या दशकात गावातील नदीकाठच्या पूरमैदानावर कारखाने येण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा जॉर्ज वेमथ या चित्रकाराने (तोही ड्यू पॉन्ट घराण्यातलाच) काही शेजाऱ्यांना बरोबर घेऊन ती जमीन विकत घेतली आणि 1967 मध्ये ब्रँडीवाइन कॉन्झर्व्हन्सी ही संस्था स्थापन केली. गिरणीचे संग्रहालय झाले 1971 मध्ये. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. अनेक ठिकाणी आधी संग्रहालय होते आणि मग शोभेसाठी त्याच्याभोवती बाग येते. येथे आधी नदीचा काठ वाचवला गेला, आणि त्या काठाची चित्रे काढणाऱ्यांची चित्रे नंतर तेथे आणली गेली. संस्थेने आजवर परिसरातील 70,000 एकरांहून अधिक जमिनीला कायमचे संरक्षण मिळवून दिले आहे. त्यातील बहुतेक जमीन तिच्या मालकीची नाही. जमीनमालक आपल्या जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क करार करून कायमचा सोडतो, तो करार जमिनीच्या दस्तात नोंदला जातो आणि पुढे जमीन विकली गेली तरी नव्या मालकाला बंधनकारक राहतो. शेती चालू राहते, वारसा चालू राहतो, फक्त इमारती उठत नाहीत. आपल्याकडे विकास आराखड्यातील हिरव्या पट्ट्यांचे आरक्षण कधीही उठते याची ज्यांना सवय झाली आहे, त्यांना हा बंदोबस्त विशेष वाटेल.

इमारतीची पुनर्रचना करताना वास्तुरचनाकाराने जुन्या विटांच्या गिरणीला नदीच्या बाजूने काचेची गोलाकार दालने जोडली आहेत. एका दालनातून दुसऱ्यात जाताना प्रत्येक मजल्यावर आपण या काचेपाशी येतो, आणि खाली संथ, तांबूस-हिरवट पाणी व त्यावर झुकलेली पांढऱ्या खोडाची सिकामोर झाडे दिसतात. दालनांमध्ये गिरणीच्या जाड लाकडी तुळया तशाच ठेवल्या आहेत. अँड्र्यू वायेथने 1942 मध्ये काढलेल्या ‘पेनसिल्व्हेनिया लँडस्केप’ या चित्रात असेच एक विस्तीर्ण सिकामोर आहे आणि त्यामागे पसरलेले हे खोरे आहे. चित्र पाहून काचेपाशी यावे, पुन्हा चित्राकडे जावे, असे आम्ही बराच वेळ केले. खोऱ्यात प्रत्यक्षात जे जसे आहे तसे चित्रात नाही. दूरदूरच्या ओळखीच्या जागा एका दृष्टिक्षेपात बसाव्यात म्हणून त्याने त्या जवळ आणल्या आहेत.

पहिल्या पिढीतील एन. सी. वायेथ (1882–1945) मॅसॅच्युसेट्समधून पाइलकडे शिकायला आला आणि चॅड्स फोर्डलाच राहिला. ‘ट्रेझर आयलंड’ या चाच्यांच्या साहसकथेच्या 1911 मधील आवृत्तीसाठी त्याने केलेल्या चित्रांतून मिळालेल्या पैशांत त्याने येथे अठरा एकर जमीन घेतली आणि घर बांधले. त्या मालिकेतील काही मूळ चित्रे येथे आहेत. ती सुमारे चार फूट उंचीची तैलचित्रे आहेत, हे ठाऊक नसलेल्याला धक्काच बसतो, कारण पुस्तकात ती तळहाताएवढी होऊन येतात. घर सोडणारा कथानायक जिम हॉकिन्स बोचके घेऊन आपल्या दिशेने चालत येतो आणि मागे त्याची आई पदर डोळ्यांना लावावा तसा एप्रन तोंडाशी धरून उभी आहे. कथेत या प्रसंगाला जेमतेम काही ओळी मिळतात, चित्रकाराने मात्र त्याला मालिकेतील सर्वांत हृद्य चित्र केले. एन. सी. ला आयुष्यभर खंत होती की आपल्याला पुस्तकांचा चित्रकार समजतात, खरा चित्रकार समजत नाहीत. दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठे कापून जपणाऱ्या घरात वाढलेल्या मावशीला ही विभागणीच मान्य नव्हती. ‘‘मुखपृष्ठ लाख घरांत जातं गं, दालनातलं चित्र किती जणांना दिसतं?’’ असे म्हणून ती पुढच्या चित्राकडे वळली.

अँड्र्यू वायेथ (1917–2009) हा एन. सी. चा सर्वांत धाकटा मुलगा. प्रकृती नाजूक म्हणून त्याला शाळेत घातले नाही. वडिलांच्या स्टुडिओतच त्याचे शिक्षण झाले. वडील भडक, नाट्यपूर्ण तैलरंगांचे चित्रकार, तर मुलाने एग टेम्पेरा हे जुने, सबुरीचे माध्यम धरले, आणि ते त्याला बहिणीच्या नवऱ्याने, पीटर हर्डने, शिकवले. अंड्याचा पिवळा बलक वेगळा काढून त्यात शुद्ध पाणी आणि रंगाची कोरडी पूड मिसळतात, आणि पांढऱ्या गुळगुळीत अस्तराच्या लाकडी फळीवर बारीक कुंचल्याने रेघेवर रेघ देत जातात. रंग क्षणात वाळतो, त्यामुळे तैलरंगासारखा तो पसरवता येत नाही. एका चित्राला महिने लागतात. ‘रोस्टेड चेस्टनट्स’ (1956) या चित्रात रस्त्याकडेला एक तरुण भाजलेले चेस्टनट विकायला उभा आहे, आणि त्याच्या पायाशी असलेल्या गवताचे पाते न् पाते वेगळे काढलेले आहे. मावशी नाक जवळजवळ चित्राला लागेल इतकी पुढे गेली, तेव्हा रखवालदाराने नम्रपणे दोन पावले मागे येण्याची विनंती केली. तिने मागे येत मला सांगितले की या गवताला हिरवा रंग जवळपास नाहीच. पिवळी माती, राखाडी आणि काळपट तपकिरी एवढ्यावर सगळे उभे केलेले आहे. अँड्र्यूच्या बऱ्याच चित्रांचा रंगपट असाच हिवाळ्याचा आहे. काही समीक्षकांनी त्याला नुसता हुबेहूबपणा म्हणून हिणवले, पण मूळ चित्रासमोर उभे राहिल्यावर तो आक्षेप टिकत नाही, असे माझे मत झाले. जे अनावश्यक ते त्याने काढून टाकलेले असते, आणि ती रिकामी जागा जाणवत राहते.

तिसऱ्या पिढीतील जेमी वायेथचे ‘पोर्ट्रेट ऑफ पिग’ (1970) हे जवळजवळ डुकराच्या खऱ्या आकाराचे व्यक्तिचित्र पाहताना मुले हसत होती. या डुकरिणीने चित्र चालू असताना त्याच्या रंगांच्या नळ्या खाऊन टाकल्या आणि तरीही ती वाचली, ही हकिगत जेमी स्वतः सांगतो. मला हे चित्र वडिलांच्या चित्रांपेक्षा मोकळे आणि विनोदी वाटले, फार खोल वाटले नाही.

दुपारचे जेवण संग्रहालयाच्या उपाहारगृहात झाले, आणि उरलेला दिवस आम्ही बागेला दिला. बागेला कुंपण नाही, फाटक नाही. तिची सुरुवात 1974 मध्ये झाली, आणि 1979 मध्ये अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. महामार्गांच्या कडेला रानफुले लावण्याच्या चळवळीमुळे त्या ओळखल्या जात. या प्रदेशात मूळच्या असलेल्या वनस्पतीच येथे लावायच्या, आणि वसंतापासून पहिल्या हिमकणांपर्यंत काही ना काही फुललेले असावे अशा क्रमाने लावायच्या, हा नियम आहे. एप्रिलमध्ये झाडांना पाने येण्यापूर्वी व्हर्जिनिया ब्लूबेलचे निळे गालिचे असतात. आम्ही गेलो तेव्हा गोल्डनरॉडचा पिवळा आणि ॲस्टरचा जांभळा रंग जोरात होता, जो-पायची उंच झाडे बियांवर आली होती, आणि ओलाव्याच्या जागी कार्डिनल फ्लॉवरचे शेवटचे लालभडक तुरे टिकून होते. या लाल नळीसारख्या फुलांतील मध गुंजनपक्ष्याची चोचच गाठू शकते, म्हणून त्याच्यावरच या झाडाचे परागण बव्हंशी अवलंबून असते.

वाहनतळातील वाफे पाहायला मात्र विसरू नये. पावसाचे पाणी डांबरावरून थेट नदीत न जाता या खोलगट वाफ्यांत उतरावे आणि मातीतून झिरपावे, अशी योजना आहे. म्हणजे बागेतील सर्वांत उपयुक्त भाग लोक गाडी लावण्याच्या घाईत ओलांडून जातात. मिल्कवीडच्या शेंगा फुटून त्यातून रेशमी म्हातारी उडत होती. मिल्कवीड आपल्या रुईच्याच कुळातले आहे, आणि त्यावर वाढणारे मोनार्क फुलपाखरू आपल्याकडे रुईवर दिसणाऱ्या बिबळ्या कडव्याचे भाऊबंद आहे. दोघेही अळीपणी त्या चिकातील विष खाऊन स्वतः कडू होतात आणि पक्ष्यांपासून वाचतात. फरक इतकाच की, सप्टेंबरमध्ये येथून निघालेली मोनार्क मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत उडत जातात. गोल्डनरॉडवर बसलेली काही आम्हाला दिसली. त्यांची ती वाटेतील शिदोरी होती. स्वयंसेवक या बागेतील बिया गोळा करतात आणि त्या विकल्या जातात, शिवाय मे महिन्यात मातृदिनाच्या सुमारास रोपांचीही विक्री असते.

बागेचा खालचा भाग पाण्याच्या अगदी जवळ आहे आणि तेथे वर्षाकाठी पूर येणार हे गृहीत धरलेले आहे. 2021 च्या सप्टेंबरमध्ये आयडा चक्रीवादळाचे उरलेसुरले ढग या खोऱ्यावर फुटले, तेव्हा मात्र नदी पूर्वीच्या सगळ्या नोंदी ओलांडून चढली, संग्रहालयाच्या खालच्या मजल्यात पाणी शिरले आणि परिसराचे मोठे नुकसान झाले. चित्रे वरच्या मजल्यांवर असल्यामुळे सुरक्षित राहिली. पूरमैदानावर कारखाने होऊ दिले असते तर त्या दिवशी पाण्याने काय काय वाहून नेले असते, हा विचार काठावर उभे असताना मनात आल्याशिवाय राहत नाही. झाडांच्या बुंध्यांपाशी अडकलेला जुना ओंडक्यांचा गाळ अजून दिसतो. स्थानिक झाडे पुरानंतर मुळांतून पुन्हा उठतात. परदेशी शोभेची झाडे लावली असती तर हा खर्च दर पुराला नव्याने करावा लागला असता.

रविवार

सकाळी नदीकाठच्या पायवाटेने संग्रहालयापासून जॉन चॅड्सच्या घरापर्यंत गेलो. वाट सुमारे एक मैलाची, काही भाग पाणथळ जागेवर बांधलेल्या लाकडी फळ्यांचा. चॅड्स हा अठराव्या शतकात येथे नाव चालवणारा नावाडी. त्याच्याच नावाने येथील उताराला, म्हणजे नदी पायी ओलांडण्याच्या जागेला, आणि गावाला नाव मिळाले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात हाच उतार राखण्यासाठी 11 सप्टेंबर 1777 रोजी जॉर्ज वॉशिंग्टन सैन्य घेऊन उभा होता. ब्रिटिश सेनापती हाउने समोर थोडे सैन्य गुंतवून ठेवले, मोठी फौज वरच्या अंगाच्या उतारांवरून वळसा घालून आणली आणि वॉशिंग्टनला मागे हटावे लागले. सुमारे दोन आठवड्यांत फिलाडेल्फिया ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. रणांगणाचे वेगळे उद्यान जवळच आहे, ते आम्ही सोडून दिले.

वायेथ घराण्याच्या वास्तू पाहण्यासाठी संग्रहालयाची छोटी बस असते, कारण त्या रहिवासी रस्त्यांवर आहेत. एन. सी. च्या टेकडीवरील स्टुडिओला उत्तरेकडे अर्धगोल माथ्याची भव्य खिडकी आहे, छताला भूर्जाच्या सालीची होडी टांगलेली आहे, भिंतीवर बंदुका आणि तलवारी आहेत. चित्रांतील चाचे हीच शस्त्रे हाती धरून उभे राहत. अँड्र्यूचा स्टुडिओ त्याच्या नेमका उलट. ही 1875 मधली शाळेची लहानशी इमारत. 1940 पासून जवळजवळ शेवटपर्यंत त्याने येथे काम केले, आणि 2012 पासून ती लोकांसाठी खुली आहे. दारावर त्याने लावलेली पाटी अजून आहे: काम चालू आहे, त्रास देऊ नये, सही मिळणार नाही. आत पांढऱ्या भिंतींचे पोपडे, खेळण्यातल्या सैनिकांचा संग्रह, रंगपुडीच्या बाटल्या आणि साधी खिडकी. मावशी येथे सर्वांत जास्त रमली. अंडे फोडून बलक कोरडा कसा करायचा, त्याचे वरचे पातळ आवरण चिमटीत धरून टोचायचे कसे, हे तिने मार्गदर्शक बाईंना विचारले, आणि बाईंनी ते हातवारे करून समजावले.

शेवटी कर्नर यांचे शेत. कार्ल कर्नर पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात मशीनगनवर होता, नंतर अमेरिकेत येऊन येथे शेती करू लागला. अँड्र्यू लहानपणापासून या शेतावर भटकत असे आणि सुमारे सात दशके तो येथे चित्रे काढत राहिला. नोकरचाकर, गायी, पाण्याचा दगडी हौद, माळ्यावरील मांस टांगण्याचे आकडे, सारे त्याच्या चित्रांत आले आहे. एन. सी. आणि त्याचा लहानगा नातू 1945 च्या ऑक्टोबरमध्ये येथून जवळच्याच रेल्वे फाटकावर गाडीच्या धडकेने मरण पावले, आणि त्यानंतर शेतामागची टेकडी अँड्र्यूच्या चित्रांत वारंवार येऊ लागली. ती उघडी, साधी टेकडी आहे. कोणी सांगितल्याशिवाय तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिले जाणार नाही.

स्वयंपाकघरातील खिडकी पाहून मावशी थबकली, कारण ‘ग्राउंडहॉग डे’ (1959) या चित्रातील ती हीच खिडकी: उन्हाचा पट्टा, फुलांचे भित्तिपत्र, टेबलावर एक ताट, एक कप आणि एक सुरी. आधीच्या कच्च्या चित्रांत कर्नरबाई होत्या, त्यांचे कुत्रे होते; अँड्र्यूने एकेक करून सगळ्यांना काढून टाकले आणि खिडकीबाहेरच्या करवतीने कापलेल्या, टोकदार ढलप्यांच्या ओंडक्यात कुत्र्याचा हिंस्रपणा ठेवून दिला. हे चित्र फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयाच्या मालकीचे आहे. ते सध्या भिंतीवर लावलेले आहे की भांडारात, याची फोनवर चौकशी करण्याचे काम माझ्याकडे देऊन मावशीने सोमवारचा बेत परस्पर ठरवून टाकला. कोणाला यायचे असल्यास एवढे सांगते की वायेथ वास्तूंच्या फेऱ्या हिवाळ्यात बंद असतात आणि बसमध्ये जागा थोड्या असतात, म्हणून तिकीट आधी काढावे. आणि बागेत उतरताना पायात बूट असावेत, कारण काठची माती ऊन असतानाही ओली असते.